गोट्याचा बिबट्या

"पाठीवर! मध्ये! अगं तिथे नाही, मधल्याच्या खाली!"

भिंगरी टबात उभी राहून आळीपाळीने पाय आपटत होती आणि तिची आई मगाने तिच्या पाठीवर कोमट पाणी सोडत होती. पाण्यात खाण्याचा सोडा घातला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी कढत नको, साबण नको, घासायचं तर मुळीच नाही. मऊ टॉवेलने नुसतं टिपून घ्यायचं आणि खाजवू द्यायचं नाही. सांगायला काय जातं! सहा वर्षांची पोर, अंगभर कांजिण्या, केसांत, कानाच्या पाळीवर, एक तर चक्क जिभेच्या शेंड्यावर, आणि म्हणे खाजवू देऊ नका. आईने तिची नखं मुळापासून कापली होती, हातांत पायमोजे चढवून मनगटाशी रिबिनीने बांधले होते. भिंगरीने रिबिनी दातांनी सोडल्या आणि कपाळावरची एक टपोरी पुळी ओरबाडून काढली. तिथे आता लालभडक खळगा दिसत होता.

"खाजवलंस की खड्डा राहतो, किती वेळा सांगू? मग जन्मभर कपाळावर घेऊन फीर."

"खड्ड्यात गेला खड्डा," भिंगरी म्हणाली.

हे बोलणं आईकडूनच उचललेलं होतं, त्यामुळे आईला धड रागावताही येईना.

ही आई म्हणजे हवालदारीण. नाव तिला होतंच, पण ते वापरतंय कोण? मुलं तिला काकू म्हणत आणि मुलांचे आईबाप तिच्या माघारी हवालदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. इमारतीच्या तळमजल्यावर तिचं पाळणाघर. पुढची मोठी खोली मुलांची, मागच्या दोन घरच्या. नवरा जहाजावर, वर्षातला बराचसा काळ पाण्यावरच. सकाळी दार उघडलं की ही बाई उंबऱ्यात आडवी उभी. मूल कुणाचंही असो, आधी कपाळाला हात, मग जीभ, मग सदरा वर करून पोट, मग पाठ. सर्दी चालेल, गुडघा फुटलेला चालेल, पण ताप नाही, पुरळ नाही, डोळे आलेले नाहीत. "घरी न्या. बरं झालं की आणा." मग कोणी गयावया करो की डोळे वटारो. तिच्याकडची खेळणी जुनी होती, गाद्यांचे अभ्रे विटले होते, आणि मोठ्या रस्त्यावर काचेच्या भिंतींचं, रंगीत घसरगुंडीचं नवं पाळणाघर निघालं होतं, तरी लोक हिच्याकडेच येत, ते या उंबऱ्यापायी. "काकूंच्या दारातून जंतूसुद्धा विचारून आत जातो," असं बसवाला म्हणायचा. बसवाला म्हणजे शहर बसचा चालक, त्याची छोकरी तीन वर्षांची.

आणि आता त्याच दारावर हवालदारणीने स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होता: आत कांजिण्या आहेत, पाळणाघर बंद.

आधी भिंगरीला निघाल्या. पाठोपाठ पाळणाघरातल्या जुळ्या पोरांना, मग बसवाल्याच्या छोकरीला. हवालदारणीला तोंड लपवायला जागा उरली नाही. लोकांच्या लेकरांची पोटं तपासत बसले आणि माझ्याच घरात काय शिजतंय ते मला दिसू नये? तिने एकेकाला फोन करून माफी मागितली. माझ्या पोरीने शाळेतून आणलं असणार, मला आधी कळायला हवं होतं, चूक माझी. जुळ्यांच्या आईने ऐकून घेऊन फोन ठेवला. बसवाला "बघू आता, काकू" म्हणाला. "बघू आता" म्हणजे "नको आता", हे काय कुणी शिकवायला लागतं? सगळ्यांनी मिळून रविवारी दुपारी येतो म्हणून कळवलं होतं. येतील, आपापल्या मुलांची पांघरुणं गोळा करतील आणि घसरगुंडीवाल्यांकडे जातील, हे तिला दिसतच होतं. असल्या धंद्यात गेलेलं नाव परत येत नाही. आईबाप एकदा बिचकले की बिचकले.

सगळ्यांत एक मेकअपवालीच तेवढी चांगली बोलली होती.

मेकअपवाली वर तिसऱ्या मजल्यावर राहायची. टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्यांची तोंडं रंगवायची हे तिचं काम. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या गालावरचा जुना भाजल्याचा वण, असा झाकायची की जन्मदात्या आईला सापडू नये. पाळणाघरात आलेलं पहिलं मूल तिचंच, गोट्या. तेव्हा त्याला दातही आले नव्हते. खोलीतला भिंतभर हत्ती तिनेच रंगवला होता. बाकीच्या आया उंबऱ्यातून परत फिरायच्या, ही एकटी आत येऊन स्वयंपाकघरात बूड टेकून चहा प्यायची. हवालदारणीला सख्खी बहीण नव्हती, आणि ती नसल्याचं या बाईने कधी जाणवू दिलं नव्हतं. भिंगरीची तर ती मावशीच.

"अगं, असू दे गं," मेकअपवाली फोनवर म्हणाली होती. "मुलांचं होतंच असं. तू काय मुद्दाम केलंस? मी नाही हो रागावले."

हवालदारणीला ते ऐकून हुंदका फुटला होता. माणूस असावं तर असं, म्हणाली होती ती मनाशी.

तर, भिंगरीला टबातून काढून, टिपून, हातांत पुन्हा पायमोजे चढवून, पलंगावर उभी करून तिने गुलाबी औषधाची बाटली हलवली आणि कापसाचा बोळा भिजवला.

"कापसाने नको! टोचतो. ब्रशने लाव."

"कसला ब्रश?"

"मावशीचा असतो ना, मोठ्ठा, मऊ मऊ. त्याने लावलं की गुदगुल्या होतात आणि खाज पळते. गोट्याला तसंच लावत होती."

हवालदारणीचा हात हवेतच राहिला.

"गोट्याला? कधी गं?"

भिंगरीने दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि वर पायमोजे घातलेले हात तोंडावर दाबले.

"भिंगरे."

"मी शपथ घेतलीय," पायमोज्यांच्या आतून आवाज आला.

"कुणाची?"

"बिबट्याची."

हवालदारणीने दम घेतला. रोज अर्धा डझन पोरांशी गाठ असलेली बाई ती. मूल बोलेनासं झालं की दरडावायचं नसतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिने बोळा खाली ठेवला, लेकीला मांडीवर पालथी घेतली आणि तिच्या पाठीवर हळूहळू फुंकर घालायला लागली. मानेपासून खाली, मग पुन्हा वर. भिंगरीचे आवळलेले खांदे सैल पडले.

"अजून," भिंगरी म्हणाली.

"घालते की. तू बिबट्याचं सांग."

पाठीवर फुंकर घालून झाली तेव्हा एवढं कळलं होतं की गोट्याच्या अंगावर "पाण्याचे मणी" आले होते. मानेवर घालून झाली तेव्हा कळलं, ते तीन आठवड्यांमागच्या शनिवारी आले होते, शाळेला सुट्टी होती आणि भिंगरी नेहमीसारखी गोट्याला बोलवायला वर गेली होती तेव्हा. मावशी त्याला न्हाणीघरात उभं करून ब्रशने पांढरं औषध लावत होती आणि तो रडत होता. भिंगरीला बघून मावशी आधी दचकली आणि मग हसली. बिबट्याच्या पिल्लाला आधी मणी येतात, मग त्याचे ठिपके होतात, म्हणाली. आता बघ गंमत.

"मग तिने त्याला पिवळा पिवळा रंगवला. आणि प्रत्येक मण्याभोवती काळं गोल काढलं. आई, इतका खरा दिसत होता! मला पण त्याच ब्रशने मिशा काढल्या. आणि म्हणाली, आईला मण्यांचं सांगायचं नाही, सांगितलं की बिबट्या जंगलात पळून जातो आणि गोट्या पण जातो."

हवालदारीण फुंकर घालायची थांबली.

तो शनिवार तिला लख्ख आठवला. गोट्या दारात उभा राहून गुरगुरत होता. तोंड, मान, हात, कोपरापर्यंत पिवळाधमक आणि त्यावर काळे ठिपके. सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या. हीही हसली होती, खदखदून. सवयीने कपाळाकडे हात नेला तर मेकअपवाली ओरडली, "अगं अगं, ओला आहे! बोटं उमटतील. तासभर खपलेय मी." सदरा वर केला तर पोटावरही ठिपके. "पोटसुद्धा रंगवलंस? कमालच आहे बाई तुझी!" असं म्हणून हिने सदरा खाली सोडला होता. स्वतःच्या हाताने! आणि बिबट्या दिवसभर या खोलीत लोळला, जुळ्यांशी कुस्ती खेळला, बसवाल्याच्या छोकरीने त्याच्या गालाचा पिवळा रंग आपल्या गालाला लावून घेतला. दुसऱ्या दिवसापासून गोट्या आजीकडे. परत आला तेव्हा अंगावर बारीक बारीक डाग. "आजीकडे डास फार," मेकअपवाली म्हणाली होती, आणि या शहाणीने त्या डागांना मलम लावून दिलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते तिने आजवर नुसतं ऐकलं होतं.

"आई, आता गोट्या जाईल का जंगलात?"

"नाही जात कुठे."

"मी तुला सांगितलं नाही म्हणून मला कांजिण्या झाल्या का?"

"नाही गं राणी. झोप तू पालथी." पण आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. या पोटच्या पोरीनेसुद्धा दिवसचे दिवस आपल्या तोंडाकडे बघून गप्प राहावं, आणि तेही कुणाच्या सांगण्यावरून? लेकीवर रागावता येत नव्हतं आणि लेकीचंच जास्त लागलं होतं. आपल्या मुलीला आपल्याशी खोटं वागायला बाहेरच्या कुणी शिकवावं, यापेक्षा तिने येऊन थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी मेकअपवाली कामावरून परस्पर खालीच आली. हातात भिंगरीसाठी बर्फाच्या कांड्या. रोज काहीतरी आणायचीच ती. आली ती सरळ स्वयंपाकघरात, नेहमीच्या स्टुलावर.

"चहा टाक गं. आज त्या नव्या साहेबाने नुसतं पिसाळलेल्या कुत्र्यासारखं…"

"गोट्याला मणी कधी आले होते?" हवालदारणीने विचारलं.

मेकअपवालीच्या हातातली कांड्यांची पिशवी ओट्यावर टेकली. चेहरा झाकायची कला तिला येत होती, पण ती दुसऱ्यांच्या. स्वतःचा तिला जमला नाही.

"भिंगरी बोलली?"

"माझ्या पोरीचं नाव तोंडात घेऊ नकोस. मी विचारलं त्याचं सांग."

मग ती रडली. खरंच रडली, ढोंग नव्हतं. त्या शनिवारी नव्या साहेबासमोर पहिल्यांदा उभं राहायचं होतं. जुन्या तिघींपैकी दोघीच ठेवणार होता तो. सकाळी उठून बघते तर पोराच्या अंगावर फोड. आजीला यायला दुसरा दिवस उजाडणार. "मी काय करायचं होतं? सांग ना! तुला सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस त्याला?"

"नसतं घेतलं."

"बघ!"

"काय बघ? बघ काय? नसतं घेतलं म्हणून फसवायचं? अगं, मला नुसतं म्हणाली असतीस ना की अडले गं बाई, तर मी दार बंद केलं असतं एक दिवस, पाळणाघराला कुलूप लावलं असतं आणि तुझ्या घरी येऊन त्याला सांभाळलं असतं! हे तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक नव्हतं असं म्हणायला मेकअपवालीची जीभ धजली नाही.

"आणि तेही सोडलं मी," हवालदारीण म्हणाली. "लाज सोडून केलंस, अडली होतीस, समजू. पण मी तुला फोन केला. माफी मागितली मी तुझी. रडले तुझ्याजवळ. आणि तू 'असू दे गं' म्हणालीस! तू माझी माफी घेतलीस! घशाखाली कशी उतरली गं तुझ्या?"

आतून भिंगरीने "मावशी आली का?" म्हणून हाक मारली. दोघींनीही ओ दिली नाही.

"रविवारी सगळे येणार आहेत," हवालदारीण म्हणाली. "पाळणाघराचा निकाल लागणार माझ्या. तू यायचंस आणि तुझ्या तोंडाने सांगायचंस. मी नाही सांगणार. मैत्रीतलं एवढं शेवटचं राहिलंय, ते मोडायला लावू नकोस."

"सांगते," मेकअपवाली नाक पुसत म्हणाली. "गोट्याची शपथ, सांगते."

जाताना तिने बर्फाच्या कांड्या फ्रीजमध्ये ठेवल्या. एरवी हवालदारणीने त्या मोरीत फेकल्या असत्या; पण भिंगरीच्या जिभेवरच्या पुळीला त्या गारव्यानेच आराम पडत होता. तेव्हा तिने एक कांडी सोलली आणि दात आवळून पोरीच्या हातात दिली. आईपणात असले अपमान गिळावे लागतात.

रविवारी दुपारी सगळे आले. बसवाला गणवेशातच, पुढची फेरी गाठायची म्हणून. जुळ्यांची आई, ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसायची, नेहमी टापटीप. आज केस विंचरायलाही फुरसत मिळाली नव्हती तिला, रात्रंदिवस दोघांच्या पाठी फुंकत होती. मोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. मेकअपवाली सगळ्यांत शेवटी आली आणि हत्तीच्या सोंडेखाली टेकली. हवालदारणीने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगते अशी.

"हां तर," बसवाला म्हणाला आणि त्याला पुढचं सुचेना.

"एकाचे हात धरले की दुसरा अंग सोलून काढतो," जुळ्यांची आई म्हणाली. "गुलाबी औषधाने चादरी रंगल्या माझ्या. काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो."

हवालदारीण थांबली. हत्तीखाली कुणी हललं नाही.

"आम्ही तुमच्या भरवशावर टाकून जातो," जुळ्यांची आई पुढे म्हणाली. "आमची पोरं दारात तपासता, ते बरोबरच. पण मग स्वतःची…"

हवालदारीण अजून थांबली. मेकअपवालीने आपल्या बोटातली अंगठी फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. मग मान वर करून म्हणाली, "जाऊ द्या ना आता. काकूंनी काय मुद्दाम केलंय? भिंगरी पण लहानच आहे. चूक होते माणसाच्या हातून."

खोलीत कुणीतरी "खरंय" म्हणालं.

हवालदारणीला क्षणभर हसूच आलं. चोराच्या उलट्या बोंबा तरी परवडल्या. हा चोर तर तिच्या वतीने दयेची भीक मागत होता! आणि मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, सगळं. शनिवार, मणी, पिवळा रंग, काळी गोलं, सहा वर्षांच्या पोरीला घातलेली शपथ, फोनवरची माफी. बोलताना ती फक्त मेकअपवालीकडे बघत होती, आणि मेकअपवाली फरशीकडे.

सांगून झालं. आता भडका उडेल, ती मनात म्हणाली. आता जुळ्यांची आई उठेल, बसवाला खडसावेल. गोट्याच्या आईची काय वाट लागेल ते लागो. निदान या दाराचं नाव तरी राहील.

कुणीच उठलं नाही. जुळ्यांची आई आपल्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करू लागली. बसवाल्याने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"ते बिबट्याचं जरा अतीच झालं," तो शेवटी म्हणाला. "पण काकू, आता बोलायचं तर… आम्ही तरी काय धुतल्या तांदळासारखे आहोत? आमची ही पण देते कधी कधी तापाचं औषध. निघायच्या आधी अर्धा तास. तुमच्या दारात पोचेस्तोवर कपाळ गार होतं."

हवालदारीण त्याच्याकडे बघतच राहिली.

"मी औषध नाही देत," जुळ्यांची आई घाईघाईने म्हणाली. "मी फक्त गार पाण्याने तोंड पुसते. दारात यायच्या आधी. रजा मिळत नाही हो, काकू. दोघं आलटून पालटून आजारी, किती रजा मागायच्या?" आणि मग, ओझं उतरल्यासारखी, ती चक्क हसली. "डोळे आले होते ना मागे, तेव्हा आम्ही जिन्यात थेंब घालून पाच मिनिटं थांबलो होतो. बसवाल्यांची छोकरी पण होती जिन्यात."

"होती की," बसवालाही हसला.

हत्तीखाली मेकअपवालीचे खांदे सैल झाले. खोलीत एकदम मोकळं वारं आल्यासारखं झालं, सगळ्यांना. एक हवालदारीण सोडून. सगळे एका माळेचे मणी! आणि ही रोज सकाळी उंबऱ्यात छाती पुढे काढून उभी, कपाळाला हात, जीभ, पोट, पाठ. तिच्या मागे नाही, तिच्या डोळ्यांदेखत सगळे मिळून तिला वेड्यात काढत होते, जिन्यात एकमेकांना वेळ विचारत होते. हवालदारीण! त्या नावाचा तिला अभिमान वाटायचा, आणि ते नाव ठेवणारे जिन्यात उभे राहून थेंब सुकायची वाट बघत होते. तिला इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या. लाज यांना वाटायला हवी होती, पण वाटली ती हिलाच.

"म्हणजे काकू, झालं गेलं विसरून जाऊ," बसवाला उठत म्हणाला. "पोरं बरी झाली की आणतो. आम्हाला तरी तुमच्याशिवाय आहे कोण? ते घसरगुंडीवाले तर सर्दी झाली तरी परत पाठवतात."

पाळणाघर वाचलं होतं. जे रविवारी हातचं जाईल म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते सगळं जागच्या जागी होतं. एकानेही पांघरूण उचललं नाही. जुळ्यांच्या आईने जाताना तिचा हात दाबला. हिने तो दाबू दिला आणि दाराशी उभं राहून सगळ्यांना "या" म्हटलं. आतून मात्र तिला कुणीतरी झाडून लख्ख रिकामं केल्यासारखं वाटत होतं.

मेकअपवाली तेवढी मागे राहिली. खुर्च्या एकात एक घालायला लागली, जशी ती नेहमी घालायची.

"मी सांगणार होते गं," ती म्हणाली. "तोंडच उघडेना."

"उघडलं की. मी ऐकलं."

मेकअपवालीने खुर्ची खाली ठेवली. तेवढ्यात भिंगरी आतल्या खोलीच्या दारात आली. अंगावरचे फोड आता सुकून तपकिरी खपल्या झाल्या होत्या, पण पाठ अजून दाराच्या चौकटीवर घासत होती, म्हशीसारखी. "मावशी," ती म्हणाली खरी, पण पुढे आली नाही. आईच्या तोंडाकडे बघून जागच्या जागी थांबली.

मेकअपवाली गुडघ्यांवर बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे केले आणि धंद्यातल्या नजरेने तो खळगा पाहिला. अंगठ्याने कडा चाचपली.

"हा राहणार गं. खोल आहे," ती हवालदारणीला म्हणाली. आवाजात आता जुना जिव्हाळा होता, अगदी खरा, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना. मोठी होऊ दे जरा, असा झाकून देईन की कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"नको," हवालदारीण म्हणाली.

"अगं, कपाळावर आहे. उद्या शाळेत चिडवतील."

"चिडवू देत. कशाचा म्हणून विचारतील, तेव्हा ती खरं सांगेल. तेवढं मी शिकवीन तिला." तिने भिंगरीला जवळ ओढलं, तिच्या पाठीवर उलटा पंजा ठेवला आणि नखं न लावता बोटांच्या मागच्या बाजूने हळूहळू वरखाली फिरवू लागली. भिंगरीने डोळे मिटले.

मेकअपवाली उठून उभी राहिली. मग, मोठ्या माणसाला विचारावं तसं बिचकत विचारलं, "पाळणाघर उघडलं की गोट्याला आणू ना?"

हवालदारणीला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण गोट्याला दात आले ते याच खोलीत, आणि त्या शनिवारी अंगभर फोड घेऊन दिवसभर गुरगुरत राहिला होता बिचारा, आईने सांगितलं म्हणून. खाजत किती असेल त्याला! आणि रंग पुसला जाईल म्हणून त्याने एकदाही खाजवलं नव्हतं.

"आण," ती म्हणाली. "तोंड धुऊन आण."

"आणते."

"आणि तू उंबऱ्याबाहेर थांबायचंस. सगळ्यांसारखं."

मेकअपवालीने मान हलवली आणि गेली. जिन्यावर तिची पावलं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. मग हवालदारीण त्या बुटक्या खुर्चीवर बसून रडली, लेकीच्या पाठीवरून हात फिरवत, तो हात मात्र तिने एकदाही थांबू दिला नाही.